सही करण्याआधी : राज्यातील कुलगुरूंना खुलं पत्र

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंस,



२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली, तेव्हा आपण सगळ्यांनी तिचं स्वागत केलं. मीही केलं. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एन-लिस्टच्या ऑनलाइन संग्रहात सापडेल ते आपलं, उरलेलं पुण्यामुंबईतल्या कुणा ओळखीच्याकडून मागवायचं, असे दिवस आम्ही काढले आहेत. तेव्हा या योजनेला मी नावं ठेवणार नाही. पण ही तरतूद २०२७ च्या अखेरीपर्यंतची आहे. पुढचे भाव काय ठरतील ते दिल्लीत ठरेल. या सगळ्या व्यवहारातला एक भाग मात्र दिल्लीच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. तेवढ्यासाठी हे पत्र.

रीत तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा ओळीने मांडतो. प्राध्यापकाचा पगार शासन देतं. प्रयोगशाळेतलं यंत्र डीएसटीच्या नाहीतर यूजीसीच्या अनुदानातून येतं. विद्यार्थी फेलोशिपवर राबतो. लेख तयार झाला की तो प्रकाशकाकडे फुकट जातो. तो तपासणारे दोन-तीन तज्ज्ञही कुठल्या तरी विद्यापीठाचे पगारी नोकर. तेही फुकट तपासतात. लेख स्वीकारला की ईमेल येतो आणि त्यात एक लिंक असते.

आमच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने ती लिंक माझ्या टेबलावरच्या संगणकावर उघडली होती. ‘सर, इथं टिक करायचं ना?’ एवढंच त्याला विचारायचं होतं. मी वाचत बसलो. लेखातले सर्व हक्क, जगभरासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीपर्यंत, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमात, प्रकाशकाकडे. मोबदला काय, तर लेख छापणं. त्याची सीएएसची, म्हणजे बढतीची, फाईल त्या एका लेखासाठी अडली होती, त्यामुळे नको म्हणण्याची त्याला सोयच नव्हती. पुढे त्या फाईलसाठी छापून आलेल्या लेखाची प्रत हवी होती, तर स्वतःच्याच लेखापुढे त्याला चाळीस डॉलरच्या आसपास किंमत लावलेली दिसली.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा खरं तर लेखकाची बरीच काळजी घेतो. कलम १९ सांगतं की हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच झालं पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरायचा. फॉर्म बनवणारे वकील हे सगळं कोळून प्यायलेले असतात, म्हणून ‘पूर्ण मुदत’ आणि ‘जगभर’ हे शब्द ते सुरुवातीलाच घालून ठेवतात.

आता ही पूर्ण मुदत किती? लेखकाचं आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. एखाद्या ३२ वर्षांच्या प्राध्यापिकेने २०२६ मध्ये डेंग्यूवर लेख लिहिला आणि ती ८० वर्षं जगली, तर तो लेख आपल्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी २१३५ रोजी मुक्त होईल. लेखाला पंचविशीतला विद्यार्थी सहलेखक असेल तर मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजायची, म्हणजे आणखी पुढे. याच संशोधनातून औषध निघालं तर त्याचं पेटंट २० वर्षांत संपतं. औषधावरचा मक्ता २० वर्षांचा आणि त्या औषधाविषयीच्या दहा पानांवरचा मक्ता शंभराहून अधिक वर्षांचा, हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं वाटत नाही. ६० वर्षं आली तीही संशोधनासाठी नाहीतच. पूर्वी ती ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता, म्हणून अध्यादेश निघाला आणि १९९२ मध्ये कायदा बदलला. कवीच्या ग्रंथांसाठी वाढवलेली दहा वर्षं डेंग्यूच्या लेखालाही लागू झाली.

इथे मेकॉलेची आठवण काढतो. आपल्याकडे त्याचं नाव १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे निघतं आणि बहुतेक वेळा शिव्या घालायलाच निघतं. पण ५ फेब्रुवारी १८४१ रोजी हाच माणूस ब्रिटिश संसदेत कॉपीराइटवर बोलला. समोर विधेयक होतं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क देण्याचं. मेकॉलेचं म्हणणं थोडक्यात असं : कॉपीराइट हा मक्ता आहे, मक्त्याने वस्तू महागच होते, लेखकाला बक्षिसी द्यावी म्हणून वाचकांवर बसवलेला हा कर आहे, तो सोसायचा तर गरजेपुरताच सोसावा. विधेयक पडलं. ब्रिटिशांनी तेव्हा नाकारलेली ६० वर्षं दीडशे वर्षांनी आपण आपल्या संसदेत स्वीकारली. मला त्याच्या बोलण्यातला बक्षिसीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कादंबरीकाराला रॉयल्टी मिळते, संगीतकाराला मिळते, तेव्हा वाचकाने भरलेल्या करातून लेखकापर्यंत काहीतरी पोचतं. शोधनिबंधाच्या लेखकाला छदाम मिळत नाही. त्याला तो नकोही असतो. त्याला हवे असतात वाचक. म्हणजे कर शिल्लक आहे, बक्षिसी गायब आहे, आणि वर कर भरणारा व लेख लिहून देणारा बहुतेक वेळा एकच.

साबण महाग झाला तर गिऱ्हाईक दुसरा घेतं. लेखाचं तसं नाही. तुमच्या विद्यार्थ्याला ज्या प्रथिनावरचा लेख हवा आहे, त्याऐवजी दुसऱ्या प्रथिनावरचा स्वस्त लेख देऊन चालत नाही. त्यात नियतकालिक निवडतो प्राध्यापक आणि बिल येतं ग्रंथालयाला, त्यामुळे निवडणाऱ्याला किमतीची झळ लागत नाही. रॉबर्ट मॅक्सवेलने हे फार लवकर ओळखलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारं विज्ञानावर पैसा ओतू लागली तसतसा त्याच्या पर्गमॉन प्रेसने नव्या नव्या उपशाखेसाठी एकेक नियतकालिक काढायचा सपाटा लावला. प्रत्येक नियतकालिक एक छोटा मक्ता आणि ग्रंथालय ठरलेलं गिऱ्हाईक. १९९१ मध्ये त्याने पर्गमॉन एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीला ४४ कोटी पौंडांना विकली. एल्सव्हियरच्या मालक कंपनीने आपल्या विज्ञान-वैद्यक विभागाचे २०२३ चे आकडे जाहीर केले त्यात महसूल तीन अब्ज पौंडांच्या वर आहे आणि कार्यकारी नफा सुमारे ३८ टक्के. कच्चा माल फुकट, तपासणी फुकट, गिऱ्हाईक हक्काचं; मग असा नफा होणारच. बेकायदा काहीच नाही. आपण सह्या करून दिल्या आहेत.

आणि मोजपट्टीही त्यांचीच. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा लेख आला की पहिला प्रश्न असतो, ‘स्कोपसमध्ये आहे का?’ स्कोपस एल्सव्हियरचं आहे. एनआयआरएफच्या क्रमवारीत तुमच्या विद्यापीठाचे लेख मोजले जातात ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सवरून. विकणाऱ्याच्या तराजूवर आपण आपल्या माणसांची बढती ठरवतो, मग तरुण शिक्षकाने त्या फॉर्मवर टिक करू नये अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आपल्याच विहिरीचं पाणी टँकरवाल्याला द्यायचं आणि त्याच्याकडूनच हंड्याच्या भावाने विकत घ्यायचं, असा हा प्रकार आहे. वन नेशन वन सबस्क्रिप्शनने घाऊक भाव ठरवून घेतला, इतकंच. हंडा घेऊन रांगेत उभं राहण्याचाही अधिकार ज्यांना नाही ते कोण, हे एकदा पाहा. निवृत्त प्राध्यापक. तालुक्यातला खासगी डॉक्टर. वकील. शेतीमालावर प्रक्रिया करणारा छोटा उद्योजक. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आज असते तर तेही कुंपणाबाहेरच असते. कुठल्या विद्यापीठाच्या लॉगिनवर ते बसले असते? मराठी संशोधनाचा मोठा भाग नोकरी नसलेल्या किंवा भलतीच नोकरी करणाऱ्या माणसांनी केला आहे, हे कुलगुरूंना मी सांगण्याची गरज नाही.

मग अशी माणसं काय करतात, तेही सगळ्यांना माहीत आहे. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानी तरुणीने २०११ मध्ये साय-हब हे शोधनिबंध फुकट देणारं संकेतस्थळ सुरू केलं आणि कुंपणाला भगदाड पाडलं. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० च्या डिसेंबरात तिच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने भारतात ते संकेतस्थळ बंद करायला सांगितलं. साय-हबची वकिली करायला मी बसलेलो नाही. ग्रंथपालाच्या धर्मात ते बसत नाही. पण आपल्या विभागातले किती संशोधक रात्री तिथे जात होते आणि का, हे एखाद्या विभागप्रमुखाला बंद दाराआड विचारून बघा.

दिल्ली उच्च न्यायालयाने दुसरी बाजूही दाखवली आहे, ती कमी लोकांच्या लक्षात आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दावा लावला. शिक्षकांनी नेमलेल्या पुस्तकांतली निवडक प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकणं हा त्या दुकानाचा गुन्हा. ज्यांच्या नावाने दावा चालला त्यांतल्याच कितीतरी लेखकांनी प्रकाशकांना दावा मागे घ्यायला सांगितलं. अमर्त्य सेनही त्यांत होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला : कलम ५२ मधली अध्यापनासाठीची सूट खरी आहे, ती अशा संचांना लागू होते, आणि कॉपीराइट हा काही देवदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे. डिसेंबरात खंडपीठानेही कलम ५२ चा हा अर्थ मान्य केला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडला आणि सर्वोच्च न्यायालयाने छायाप्रतींचे परवाने देणाऱ्या संस्थेची याचिका घेतली नाही. हा निकाल तुमच्या प्राध्यापकांच्या कामाचा आहे. तरीही राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत झेरॉक्सवाला आजही पुस्तक टेबलाखाली लपवतो.

उलट वाटेचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. या शतकाच्या सुरुवातीला, परदेशात खुल्या प्रकाशनाच्या जाहीरनाम्यांवर चर्चा चालली होती तेव्हा, त्यांनी नियतकालिक इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुलं केलं. वाचकाकडून पैसे नाहीत, लेखकाकडून नाहीत. छापील अंकाची वर्गणी चालू राहिली आणि परदेशी लेखकही तिथे लेख पाठवू लागले. ते उभं करण्यात मुंबईच्याच मेडनो या प्रकाशन संस्थेचा हात होता. तिने इतर अनेक भारतीय वैद्यक नियतकालिकांनाही ही वाट दाखवली. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने मेडनो विकत घेतली. विकणाऱ्यांना दोष देत नाही, धंदा म्हणून ते योग्यच असेल. मुंबईत उभी राहिलेली एक चांगली व्यवस्था टिकवायला सार्वजनिक पैसा पुढे का आला नाही, हे कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. ब्राझीलने सायएलो हा खुल्या नियतकालिकांचा संग्रह उभारला तो मुंबईतल्या या प्रयोगाच्या थोडा आधी, सार्वजनिक पैशातून, आणि तो आज लॅटिन अमेरिकाभर चालतो.

युरोपने काढलेला दुसरा मार्ग, लेखकाने पैसे भरून लेख खुला करण्याचा, मला मान्य नाही. ‘नेचर’ने एका लेखाला साडेनऊ हजार युरो मागितले. एवढ्या पैशात आपल्याकडे एका विद्यार्थ्याची वर्षा-दीड वर्षाची फेलोशिप निघते. कुंपण वाचणाऱ्याच्या बाजूचं काढून लिहिणाऱ्याच्या बाजूला लावलं, एवढाच फरक. शिवाय लेखकाकडून पैसे घ्यायची पद्धत पडली की भुरटी नियतकालिकं उगवतात. यूजीसीने २०१८ मध्ये एका फटक्यात चार हजारांहून अधिक नियतकालिकं आपल्या यादीतून काढली आणि त्या साफसफाईचा पुढचा बराचसा व्याप पुणे विद्यापीठाने सांभाळला, तेव्हा हा अनुभव आपल्या घरचाच आहे.

मराठीतल्या संशोधनपत्रिकांची गोष्ट निराळी आणि मला जास्त जवळची आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, वाईचं ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ : इथे मक्ता करणारं कुणी नाही. कागदाचे पैसे सुटले तरी पुष्कळ झालं, अशी ही मंडळी. पण कॉपीराइट इथेही आडवा येतो. १९६०-७० च्या दशकात अशा पत्रिकांना लेख देताना कोण कुठे सही करत होतं? लेखी हस्तांतरण नाही म्हणजे हक्क लेखकाचा, त्याच्यामागे वारसांचा. लेखक कधी वारले, वारस कुठे आहेत, पुण्यात की पेनसिल्व्हेनियात, कुणाला पत्ता नाही. त्यामुळे जुने अंक स्कॅन करून खुले करायचे म्हटलं की संपादक मंडळातला एखादा सावध सदस्य कायद्याची आठवण करून देतो आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. तोवर कागद पिवळा होऊन कोपरे तुटू लागतात. दा. ध. कोसंबी २९ जून १९६६ रोजी गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२७ रोजी आपल्याकडे मुक्त होतं. इरावती कर्व्यांचं २०३१ मध्ये होईल. ही दोघं मोठी म्हणून त्यांच्या तारखा आपल्याला पाठ. स्थानिक इतिहासावर तीन चांगले लेख लिहून विस्मरणात गेलेल्या शाळामास्तरांची तारीख कोण शोधणार?

आता मागणं.

हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेने फेब्रुवारी २००८ मध्ये एक ठराव केला. प्राध्यापक जो शोधनिबंध लिहील त्याचा, एकाधिकार नसलेला, परवाना तो आधीच विद्यापीठाला देतो. विद्यापीठ त्याची स्वीकृत प्रत आपल्या संग्रहात सगळ्यांना वाचायला ठेवतं. नंतर प्रकाशकाच्या फॉर्मवर काहीही सही झाली तरी आधी दिलेला परवाना राहतो. एखाद्या लेखापुरती सूट हवी असेल तर अर्ज करायचा, मिळते. श्रीमंत विद्यापीठाचे चोचले म्हणून हे सोडून देऊ नका; याच हार्वर्डच्या समितीने २०१२ मध्ये जाहीर केलं की वर्षाला जवळपास साडेसदतीस लाख डॉलर काही बड्या प्रकाशकांच्या नियतकालिकांवर घालवणं यापुढे जमणार नाही. ठरावामुळे तिथल्या लोकांचे लेख नाकारले गेल्याचंही ऐकिवात नाही.

हे आपल्याकडे करता येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्या परिषद आहे, व्यवस्थापन परिषद आहे. ठराव पुरेसा नाही, कारण कायदा लेखकाचा लेखी परवाना मागतो. म्हणून रुजू अहवालासोबत एका पानाचा परवाना भरून घ्यावा, सध्याच्या शिक्षकांकडून एकदाच. ‘विद्यापीठ आमचा हक्क हडप करतंय’ अशी ओरड होईल. कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघातल्या लेखनावर मालकाचा दावा सांगता येतो, ही धास्ती शिक्षक संघटनांना आहे आणि ती अनाठायी नाही. म्हणून परवान्यातच लिहा की मालकी शिक्षकाची, विद्यापीठाला फक्त प्रत ठेवण्याची मुभा. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध आपण गेली कित्येक वर्षं शोधगंगेवर चढवतो. पंचविशीतल्या मुलाचं अख्खं काम उघड्यावर ठेवताना कुणाला अडचण आली नाही, मग मार्गदर्शकाच्या दहा पानांना का यावी?

‘केंद्राचं धोरण आहेच की,’ असं कुणी म्हणेल. आहे. डीबीटी आणि डीएसटी यांनी डिसेंबर २०१४ मध्येच अनुदानित संशोधनाची प्रत संग्रहात ठेवायला सांगितलं आहे. परंतु सगळे हक्क देऊन बसलेला शिक्षक ती ठेवणार कशाच्या जोरावर? जर्मनीने २०१४ पासून कायद्यानेच हा पेच सोडवला : किमान निम्म्या सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाची स्वीकृत प्रत लेखक बारा महिन्यांनी खुली करू शकतो, करारात काहीही लिहिलेलं असो. असं कलम आपल्याकडे यावं म्हणून तुम्ही एकत्रित पत्र संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीला पाठवू शकता. ते होईल तेव्हा होईल.

ठरावाची घाई का, त्याचं एक कारण. २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीने, इन्फॉर्माने, आपल्याकडचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी मायक्रोसॉफ्टला वापरू देण्याचा करार केला. सुरुवातीचीच रक्कम एक कोटी डॉलरच्या घरात. लेखकांना ते बातम्यांतून कळलं. विचारायचं कारणच नव्हतं, ‘पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमात’ अशा शब्दांवर त्यांच्या सह्या होत्या.

प्रकाशकाचं काम फुकटचं नाही, हे मान्य. मजकूर संपादन, मांडणी, लेखाचा कायम क्रमांक, दीर्घकाळ जतन या सगळ्याला खर्च येतो आणि तो द्यावा; कामाच्या दराने द्यावा. मराठीतल्या छोट्या पत्रिकांना या ठरावातून दोन वर्षांची सवड द्यावी आणि त्या बदल्यात त्यांचे जुने अंक स्कॅन करण्याचा खर्च विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राने उचलावा. बढतीच्या अर्जात ‘स्कोपसमध्ये आहे का’ या रकान्याशेजारी ‘विद्यापीठाच्या संग्रहात प्रत आहे का’ असा एक रकाना वाढवावा. बाकी कशाने नाही तरी त्या रकान्याने फाईल हलते, हे ग्रंथालयाच्या काउंटरवर बसून मी पुरेसं पाहिलं आहे.

परवान्याच्या त्या एका पानाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. तो वकिलाच्या नजरेखालून जायला हवा. आपल्यापैकी ज्यांच्या विद्या परिषदेपुढे हा विषय ठेवता येईल त्यांनी निरोप द्यावा, मी येऊन समजावून सांगेन, प्रवासभत्ता नको.



आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल